तीन वर्षांचा शब्द

उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं ते सारखी एकमेकांवर फिरवायचे. मैदानाच्या कडेला उभं राहून, खेळावर डोळे ठेवून, तासन्‌तास. मला आधी वाटलं, तंबाखूची सवय असणार. मी एकदा विचारलंही.

"न्हाय सर, तंबाखू न्हाय. मागावरची सवय हाय. धागा तुटला की टोकं अशी पिळून जोडायची. हात रिकामा ऱ्हायला की बोटं आपोआप कामाला लागत्यात."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तो अधिकार मी घालवून बसलोय. कॉलेजात सगळे त्यांना कोच म्हणायचे, मीही कोचच म्हणतो. घर भवानी पेठेच्या पलीकडे, विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. सकाळी टॉवेलच्या कारखान्यात पाळी करायची आणि चारला सायकलवरून कॉलेजच्या मैदानावर यायचं. तरुणपणी राज्याच्या फुटबॉल संघापर्यंत जाऊन आलेला माणूस, पण हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. अर्जात वाचलं म्हणून मला माहीत.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. खेळाशी माझा संबंध स्टाफरूममधल्या कॅरमपुरता. पण आमच्याकडे क्रीडा संचालकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी आणि कुणाच्या तरी गळ्यात जिमखाना समिती बांधायची, तर ती माझ्या गळ्यात. मी समितीचा सचिव. सह्या करायच्या, कागद पाठवायचे. तेवढंही मला जमलं नाही, ते पुढे येईलच.

मुलाखतीला तिघं आले होते. प्राचार्यांनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "चषक कधी आणाल?" पहिला म्हणाला, याच वर्षी. दुसरा म्हणाला, याच वर्षी, आणि वर एक चषक मित्राच्या कॉलेजकडून हिसकावून. मग कोचचा नंबर. बोटं फिरत होती.

"तीन वर्षं लागतील, सर. पयल्या वर्षी हरू. दुसऱ्या वर्षी कमी हरू. तिसऱ्या वर्षी बोला."

प्राचार्य हसले. "अहो, तीन वर्षांत माझी रिटायरमेंट येईल की."

"मागावर उभा ताणा भरायला दिवस जातो, सर. आडवा धागा नंतर पळतोच. ताणा घाईत भरला तर टॉवेल पयल्या धुण्यात वाकडा होतो."

मला हे फार आवडलं. वर्गात मी पंचवार्षिक योजना शिकवायचो ना, मला दूरचं बघणारा माणूस लगेच पटतो, कागदावर तरी. मी प्राचार्यांपाशी त्यांच्यासाठी भांडलो. नेमणूक अकरा महिन्यांची कंत्राटी, दर जूनला नवी ऑर्डर. बाहेर आल्यावर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "ऑर्डर अकरा महिन्यांची असू दे. तुम्हाला तीन वर्षं मिळतील. माझा शब्द."

"शब्द मिळाला की झालं, सर," ते म्हणाले. कागद मागितला नाही. मागायला हवा होता, असं आता वाटतं.

आमच्या स्टाफरूममध्ये कंत्राटी माणसाला अरे-तुरे करायची पद्धत आहे. मी त्यांना पहिल्या दिवसापासून अहो-जाहो केलं. याचा मला तेव्हा केवढा अभिमान. जसं काही जीभ सांभाळली म्हणजे सगळं सांभाळलं.

पहिला दीड महिना त्यांनी मुलांना चेंडू दिलाच नाही. आमचं मैदान म्हणजे मुरूम आणि खडे. मुलांना रांगेत उभं करून या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचायला लावले. स्वतः पुढे वाकलेले. स्टाफरूमच्या खिडकीतून आम्ही बघायचो आणि हसायचो. आमचा एक सहकारी म्हणायचा, "फुटबॉलचा कोच आणलाय का ज्वारीचं रान साफ करायला माणूस?" मीही हसायचो. हसायला काय जातं?

त्या वर्षी पहिल्याच सामन्यात आम्ही नऊ गोल खाल्ले. नऊ. मारला एकही नाही. दुसऱ्या दिवशी मी सांत्वनाला मैदानावर गेलो तर मुलं रिंगण करून बसलेली आणि कोच विचारत होते, "पयला कसा बसला?" फक्त पहिला. कोण कुठे उभा होता, चेंडू कुणाकडून कुठे गेला, तासभर तेवढंच. तिसऱ्या दिवशी दुसरा गोल. असे नऊ दिवस नऊ गोल. सोलापूरला नवरात्र दोनदा आलं त्या वर्षी. स्टाफरूममध्ये रोज चौकशी, "आज कितवी माळ?"

पण त्या नऊ दिवसांत मला एक गोष्ट दिसली. चूक कुणाची, हे ते विचारायचेच नाहीत. चालू खेळात पास चुकला की ते ओरडायचे, "तुटलं." बस्स, एवढंच. जावेद नावाचा मुलगा कप्तान होता, रिक्षावाल्याचा पोरगा, जिभेनं तिखट. एकदा तो चिडून म्हणाला, "सर, ये गोलकीपर ने तोडा, मैंने नहीं." कोच म्हणाले, "आगु, आगु." तेलुगूत आगु म्हणजे थांब, हे एव्हाना सगळ्या पोरांना पाठ झालेलं.

"कुणी तोडलं ते इचारायचं न्हाय, जावेद. धागा तुटला तर माग थांबतो. आपण काय करायचं? टोक शोधायचं, जोडायचं, परत चालू. भांडत बसलास तर तेवढा वेळ माग बंदच की."

मी हे वाक्य घरी येऊन बायकोला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवलं. दुसऱ्याचं शहाणपण ऐकवायला मी नेहमीच पुढे.

दुसऱ्या वर्षी पोरं वेगळीच खेळायला लागली. मला खेळ कळत नाही, पण एवढं कळत होतं की आता ती एकमेकांकडे न बघताही चेंडू देत होती आणि तो पोचत होता. सरावाच्या सामन्यात रेल्वे लाईनीकडच्या पोरांशी बरोबरी झाली. ती पोरं लहानपणापासून हाच खेळ खेळणारी. मग आणखी एक संघ आम्ही दोन-एकनं हरवला. मी संध्याकाळी मैदानावर जायला लागलो. कोच घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचे, रुमालात बांधून. माझ्यापुढेही अर्धी मोडून धरायचे. आम्ही दगडी कट्ट्यावर बसून कुडुमकुडुम खायचो. ते म्हणायचे, "यंदा एक-दोन मॅच काढू, सर. पुढच्या वर्षी बगा." माझा त्या माणसावर जीव जडला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकलं की तुम्हाला ते खोटं वाटेल.

त्या वर्षी परीक्षांमुळे स्पर्धा पुढे ढकलल्या आणि अर्जांची शेवटची तारीख आली संक्रांतीच्या आसपास. तुम्ही सोलापूरचे नसाल तर सांगतो. संक्रांतीला आमच्याकडे सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. त्या दिवसांत शहर शहराचं नसतं. उंच नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली हजारो माणसं पुढे चालतात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात. आमच्या घरातली तीन पिढ्यांची बाराबंदी. कचेऱ्या, शाळा, सगळ्याला सुट्टी. सोलापूरच्या माणसाला जन्मापासून असंच वाटत असतं की या दिवसांत जगच थांबलेलं असतं.

यात्रेच्या आठ दिवस आधी कोच एक प्लास्टिकची फाईल घेऊन माझ्याकडे आले. अठरा मुलांचे अठरा अर्ज, फोटो चिकटवलेले, गुणपत्रिका मागे लावलेल्या, एकही कागद मागेपुढे नाही. "प्राचार्यांची सही-शिक्का झाला की वैराग रोडवरच्या कॉलेजात द्यायचे, सर. स्पर्धा त्यांच्याकडं हाय. शेवटची तारीख अक्षतेचा दिवस."

मी हसलो. "अहो, गड्ड्याच्या दिवसांत कोण बसलंय अर्ज घ्यायला? यात्रा झाली की जाऊन येतो."

"सर, ते गाव आपलं न्हाय की. तितं गड्डा नसतो."

"बरं बरं, बघतो."

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "मी नेऊन देऊ का? पाळी बदलून घेतो."

मी म्हणालो, "नको. कार्यालयीन कागद कंत्राटी माणसाच्या हातून पाठवता येत नाहीत. नियम आहे."

असा नियम नाही. कधीच नव्हता. मला त्यांनी आठवण करून दिलेली आवडली नव्हती, एवढंच. अहो-जाहो करणारा मी हाच.

दुसऱ्या दिवशी सही-शिक्का झाला; प्राचार्य गठ्ठ्यातल्या कागदांवर न बघताच सह्या करायचे. फाईल मी कपाटात ठेवली आणि यात्रेच्या तयारीला लागलो. अक्षतेच्या दिवशी मी बाराबंदीत होतो, फोन घरी चार्जिंगला. संध्याकाळी बघितलं तर कोचचे तीन मिस्ड कॉल. अकराला, दोनला, साडेचारला. मला वाटलं, उद्याच्या संक्रांतीच्या शुभेच्छा द्यायला केले असतील. एवढ्या गडबडीत कुठे बोलत बसा, म्हणून मी त्यांना हलव्याच्या दागिन्यांचं चित्र पाठवलं. तिळगूळ घ्या, गोड बोला. त्यांचं उत्तर आलं, "तुमालाबी, सर."

यात्रा आटोपल्यावर मी फाईल घेऊन त्या कॉलेजात गेलो. तिथला क्लार्क म्हणाला, यादी बंद झाली, सामने लागले, गेलं. मी म्हणालो, "अहो, सुट्टी होती ना." तो शांतपणे म्हणाला, "सुट्टी सोलापूरला, सर. आमाला कुटं?"

परतीच्या एसटीत मी काय सांगायचं ते जुळवत बसलो. प्राचार्यांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडून आलं, "मुलांचे कागद वेळेत पूर्ण झाले नाहीत, सर." मी कुणाचं नाव घेतलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी यालाच माझा चांगुलपणा समजत होतो.

प्राचार्यांनी कोचना बोलावून घेतलं. मी तिथेच खुर्चीत होतो. "कागद उशिरा का दिलेत? वर्ष वाया गेलं पोरांचं."

कोचनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मला तेव्हा खरंच वाटलं की ते सांगतील, आणि त्यांनी सांगितलं तर मी कबूल करेन. कबुलीसुद्धा मला त्यांच्याकडून करवून घ्यायची होती.

त्यांची बोटं एकमेकांवर फिरली. "माज्याकडनं ऱ्हायलं असंल, सर," ते म्हणाले.

मी कॅलेंडरच बघत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. "नाही सर, ते माझ्याकडून राहिलं." पाच शब्द. पंचवीस वर्षं पन्नास-पन्नास मिनिटं बोलणाऱ्या माणसाला पाच शब्द जमले नाहीत. मला कुणी काढून टाकणार नव्हतं, कायमची नोकरी माझी. फार तर प्राचार्य चार लोकांत बोलले असते. चार लोकांतल्या त्या बोलण्याला मी भ्यालो.

मैदानावर त्यांनी मुलांनाही तेच सांगितलं. माझ्याकडून राहिलं. जावेद चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही. ते रोज येत राहिले, रोज सराव घेत राहिले, ज्या स्पर्धेत जायचंच नव्हतं तिच्यासाठी. मी मैदानावर जायचं बंद केलं. संध्याकाळी मला काही ना काही काम निघायला लागलं.

मे महिन्यात वार्षिक अहवाल. तो सचिवानं लिहायचा, म्हणजे मीच. प्राचार्य म्हणाले, "फुटबॉलचं काय करायचं? दोन वर्षं झाली." मी म्हणू शकलो असतो की आपण तीनचा शब्द दिलाय. त्याऐवजी मी लिहिलं, "दोन वर्षांत स्पर्धेत एकही विजय नाही. दुसऱ्या वर्षी संघ मैदानात उतरू शकला नाही. सबब फेरनियुक्तीची शिफारस नाही." यातलं एकेक वाक्य खरं आहे. तुम्ही तपासून बघा. खाली माझी सही आहे, तारखेसकट.

जूनमध्ये ते ऑर्डरसाठी ऑफिसात आले तेव्हा मी ग्रंथालयात जाऊन बसलो. तासाभरानं खिडकीतून बघितलं. ते मैदानाच्या मधोमध उभे होते. वाकून त्यांनी एक खडा उचलला, कुंपणाबाहेर टाकला, मग सायकल काढली. मला भेटायला वर आले नाहीत.

तिसऱ्या वर्षी नवा कोच आला, शिट्टीवाला, गॉगलवाला. मुलाखतीत त्यानंही सांगितलं होतं, याच वर्षी. आणि झालंही तसंच. तीच पोरं, तोच जावेद. आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चषक घेऊन आला. ढोल वाजले, गुलाल पडला. नव्या कोचला प्राचार्यांनी जाहीर सभेत पाच वर्षांचा शब्द दिला. समितीचा सचिव म्हणून माझ्याही गळ्यात हार पडला. झेंडूचा होता आणि ओला होता, मानेला गार लागला. जावेद चषक घेऊन माझ्यापुढून गेला. थांबला नाही. एवढंच म्हणाला, "तिसरा साल, सर." त्याला किती माहीत होतं, मला माहीत नाही. मी हार काढून टेबलावर ठेवला आणि घरी आलो.

कोच तोवर सोलापुरात नव्हते. शेजाऱ्यांनी सांगितलं, भिवंडीला गेले, बायकापोरांसकट, तिकडे मागावर काम मिळालं. नंबर तोच आहे. संक्रांतीला त्यांचा तिळगूळ अजून येतो. मी हात जोडलेलं चित्र पाठवतो. फोन लावायला अजून धजलो नाही.

एक गोष्ट मी मागे ठेवली. चषकाच्या आधीची आहे ती, तिसऱ्या वर्षीचे अर्ज द्यायला गेलो त्या दिवसाची. त्या वर्षीही स्पर्धा त्याच कॉलेजकडे होती. मी चांगला महिनाभर आधी गेलो, स्वतः, सकाळच्या पहिल्या एसटीनं. अकराच्या आत अर्ज दिले, पोच घेतली. बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. तिथला म्हातारा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आला. शिक्क्यावरचं आमच्या कॉलेजचं नाव त्यानं वाचलं असावं.

"सोलापूरचं व्हय तुमी? गेल्या साली तुमचे ते कोच आलते की. अक्षतेच्या दिवशी."

मी म्हणालो, "कोण?"

"ते वो, बोटं चोळत बसायचे ते. सकाळपास्नं हितं या बाकावर बसलेलं. हातात कागद, अठरा नावं लिवलेली. सायब म्हणले, नावं न्हाय चालत, सही-शिक्क्याचे अर्ज पायजेत. तर म्हणले, आमचे सर घेऊन येणार हायत, मी नुसता थांबलोय. मधी मधी फोन लावायचे. उचलत नव्हतं वाटतं कोण. मी म्हणलं, आज तुमच्याकडं गड्डा, कोण यायचंय? तर म्हणले, न्हाय वो, सरांनी शब्द दिलाय. पाचला मी कुलूप लावलं तवा उठले."

अकराला, दोनला, साडेचारला. त्यांनी पाळी बुडवली होती. मी नेऊन देऊ का म्हणून विचारलं होतं, नाही म्हटल्यावर ते नुसतेच येऊन बसले होते. मी विसरलो तर आठवण करायला. आणि पाचला उठून परत सोलापूरला येऊन त्यांनी माझ्या हलव्याच्या दागिन्यांना उत्तर लिहिलं होतं. प्राचार्यांच्या खोलीत त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, तेव्हा हे सगळं त्यांना माहीत होतं.

शिपाई तांब्या घेऊन आत गेला. माझं काम संपलेलं होतं, बाराची एसटी समोरच्या फाट्यावर मिळाली असती. मी त्या बाकावर बसलो. बारा वाजले, एक वाजला. दोनला खिशातला फोन काढला, त्यांचा नंबर उघडला, बंद केला. साडेचारला पुन्हा उघडला. व्हरांड्यातलं ऊन पायापर्यंत आलं आणि मागे सरकलं.

पाचला शिपाई किल्ल्या घेऊन बाहेर आला. मला तिथेच बघून थांबला.

"सर, अजून कोण यायचंय का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडूनच राहिलं."

त्याला काही कळलं नाही. त्यानं कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि मला उठायला हात दिला.